पुण्यातला धोत्रा: ओळख, पूजेतली हाताळणी आणि विषबाधा झाल्यास करावयाचे उपाय

पावसाला सुरुवात झाली की पुण्यात मुठेच्या पात्रालगत, रखडलेल्या बांधकामांच्या मोकळ्या जागांवर, राडारोड्याच्या ढिगांवर आणि वेताळ टेकडी, तळजाई यांसारख्या टेकड्यांच्या पायथ्याशी धोत्र्याची झुडपे वर येतात. श्रावणी सोमवार, गणेश चतुर्थी आणि महाशिवरात्र या प्रसंगी हीच झुडपे पानाफुलांच्या आणि बोंडांच्या रूपाने मंडईतून, देवळाबाहेरच्या टोपल्यांतून आपल्या घरांत येतात. हे झुडूप मुळापासून बीपर्यंत सर्वांगाने विषारी आहे, याची कल्पना बहुतेकांना असते. मात्र ते ओळखावे कसे, हाताळावे कसे आणि चुकून पोटात गेले तर पहिल्या तासाभरात नेमके काय करावे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. माझे मत असे आहे की धोत्र्याला रानात राहू द्यावे, देवापुढे ठेवायचा असल्यास तो नियम पाळून ठेवावा आणि तोंडाच्या वाटेवर तो कोणत्याही निमित्ताने येऊ देऊ नये. पुढील सर्व सूचना याच मताला धरून आहेत.

झुडूप ओळखणे

धोत्रा हा वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू आणि अश्वगंधा यांच्याच कुळातला. या कुळातील पाचही पाकळ्या तळाशी जोडलेल्या असतात आणि फळात पुष्कळ चपट्या बिया असतात, हे लक्षात ठेवले तर शेतातल्या मिरचीपासून टेकडीवरच्या रिंगणीपर्यंत या कुळातल्या अनेक वनस्पती एकमेकींच्या नातलग म्हणून ओळखू येतात.

पुण्याच्या परिसरात मोकळ्या जागी सर्वाधिक दिसतो तो पांढरा धोत्रा, म्हणजे डाट्यूरा इनॉक्सिया. त्याचे झुडूप साधारण कमरेपर्यंत वाढते आणि जमिनीलगत ऐसपैस पसरते. पाने मोठी असतात, त्यांवर बारीक मऊ लव असते आणि त्यामुळे ती राखाडी हिरवी दिसतात. पानाचा तळ देठाच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर संपत नाही, एक बाजू किंचित खाली उतरलेली असते. ही बारीक खूण ओळखीला फार उपयोगी पडते. पान चुरगळले की उग्र, नकोसा वास येतो. पांढरे, लांब, नरसाळ्याच्या आकाराचे फूल संध्याकाळी उमलते, रात्री त्याला सुगंध येतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की ते मलूल होते. रात्री उडणारे मोठे पतंग या फुलांवर येतात. बोंड गोल असते, त्यावर लांब, बारीक, सरळ काटे दाटीने असतात आणि देठ वाकल्यामुळे ते खाली झुकलेले राहते.

काळा धोत्रा, म्हणजे डाट्यूरा मेटेल, हा बहुधा लावलेला किंवा देवळाच्या आवारात आपोआप उगवलेला आढळतो. त्याची खोडे जांभळट, पाने जवळजवळ गुळगुळीत आणि फुले बाहेरून जांभळी असतात. पुष्कळदा एका फुलाच्या आत दुसरे, कधी तिसरेही फूल असते. याचेही बोंड झुकलेले असते, परंतु त्यावर काट्यांऐवजी आखूड, बोथट उंचवटे असतात. तिसरा प्रकार डाट्यूरा स्ट्रॅमोनियम हा. त्याचे फूल लहान, पानांच्या कडा खोल दातेरी आणि बोंड देठावर ताठ उभे असते, जे पिकल्यावर चार शकलांनी उकलते. तिन्ही प्रकार विषारी आहेत. त्यामुळे सावधगिरीपुरता त्यांच्यात भेद करण्याची गरज नाही. एक सौम्य आणि दुसरा जहाल अशी जी समजूत ऐकू येते, तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

ही वनस्पती देशी मानावी की परकी, याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. डाट्यूरा या प्रजातीचे मूळ अमेरिका खंडात आहे, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तरीही धत्तूराचे उल्लेख कोलंबसाच्या किती तरी आधीच्या संस्कृत ग्रंथांत आहेत, त्यामुळे काळ्या धोत्र्याचे भारतातले वास्तव्य फार जुने आहे हे निश्चित. लिनियसने 1753 साली डाट्यूरा मेटेल आणि डाट्यूरा स्ट्रॅमोनियम या दोन्ही जातींना शास्त्रीय नावे दिली. ज्यांना याच कुळातली अस्सल इथली रानफुले पाहायची असतील, त्यांनी टेकडीवर जमिनीसरपट पसरलेली, पिवळ्या काट्यांची आणि जांभळ्या फुलांची भुईरिंगणी पाहावी. तिची कच्ची फळे हिरवी आणि पांढऱ्या रेघांची असतात, पिकल्यावर ती पिवळी होतात. आयुर्वेदातल्या दशमुळांत, म्हणजे औषधी दहा मुळांत, तिची गणना होते, तरीही तिची फळे खाण्याजोगी नाहीत.

ज्यांच्याशी गल्लत होते त्या वनस्पती

एरंडाच्या बोंडालाही काटे असतात, म्हणून लहान मुले आणि कधी मोठी माणसेही त्याला धोत्रा समजतात. एरंडाचे पान हाताच्या पंजासारखे अनेक भागांत विभागलेले असते आणि बोंडे उभ्या घोसात येतात. धोत्र्याचे पान अखंड असते आणि बोंड एकेकटे असते. ही गल्लत झाली तरी सावधगिरीत सूट नाही, कारण एरंडाची बी स्वतः अत्यंत विषारी आहे. नदीकाठी वाढणाऱ्या बेशरमीची फुले नरसाळ्याच्या आकाराची, पण फिकट गुलाबी असतात आणि तिला काटेरी बोंड येत नाही.

घरातल्या बागेत एक निराळाच धोका असतो. रोपवाटिकांमध्ये एंजल्स ट्रम्पेट या नावाने मिळणारे, मोठी लोंबती पांढरी, पिवळी किंवा नारिंगी फुले येणारे झाड हे ब्रुगमान्सिया असते. ते धोत्र्याचे जवळचे नातलग असून त्यात तीच विषद्रव्ये असतात. धोत्र्याची फुले वर किंवा तिरकी उभी राहतात, याची खाली लोंबतात, हा डोळ्यांना सहज दिसणारा फरक आहे. लहान मुले असलेल्या घराच्या गच्चीत किंवा सोसायटीच्या खेळाच्या जागेशेजारी हे झाड लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कांगोणीच्या, म्हणजे कामोणीच्या, काळ्या पिकलेल्या फळांविषयी मुलांना कुतूहल असते. तिची हिरवी कच्ची फळे विषारी असतात. कोणते फळ पुरेसे पिकले आहे हा निर्णय मुलावर सोपवता येत नाही, म्हणून टेकडीवर फिरताना मुलांसाठी सरळ नियम ठेवावा: घरातल्या मोठ्या माणसाने ओळखून हातात दिल्याशिवाय कोणतेही रानफळ तोंडात घालायचे नाही.

शंका राहिल्यास झाडाच्या पानाचे, फुलाचे आणि बोंडाचे छायाचित्र घेऊन जाणकाराला दाखवावे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागाचे केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था या दोन्ही ठिकाणी वाळवून जतन केलेल्या वनस्पतींचे मोठे संग्रह आहेत. वनस्पतींची ओळख शास्त्रीय रीतीने करून घेणाऱ्याला पुण्यासारखी सोय क्वचितच मिळेल. मोबाइलवरील ओळख सांगणाऱ्या ॲपचा उपयोग पहिल्या अंदाजापुरता करावा. खाण्यासंबंधीचा निर्णय त्यावरून कधीही घेऊ नये.

विष शरीरात काय करते

धोत्र्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे असतात. आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन मज्जातंतूंचे निरोप ग्रंथींना, आतड्याला, मूत्राशयाला, हृदयाला आणि डोळ्याच्या बाहुलीला पोहोचवत असते. ही अल्कलॉइडे ते निरोप घेण्याच्या जागा अडवून बसतात. लाळ आणि घाम थांबतो म्हणून तोंड कोरडे पडते व अंग तापते, बाहुली आकसू शकत नाही म्हणून उजेड सहन होत नाही व जवळचे दिसत नाही, हृदयावरचा लगाम सुटतो म्हणून नाडी धावते, लघवी तुंबते आणि मेंदूवर परिणाम झाला की माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. हे एकदा समजले की लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही.

हीच द्रव्ये योग्य मात्रेत औषधही आहेत. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपीन जीव वाचवते. आयुर्वेदात धत्तूराची गणना उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, आहे आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याशिवाय तो वापरत नाहीत. कनकासव या आयुर्वेदिक औषधात तो असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमावलीतील अनुसूची ई-1 मध्ये त्याचा विषारी द्रव्य म्हणून समावेश आहे आणि अशी द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यायच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. यातून एकच अर्थ निघतो: झाडावरून तोडलेले पान आणि वैद्याने दिलेले औषध यांची बरोबरी करता येत नाही. एकाच झाडाच्या दोन बोंडांतही विषाचे प्रमाण सारखे नसते; जात, वाढीचा काळ, पाऊस आणि जमीन यांप्रमाणे ते बदलते, म्हणून एवढ्या बिया चालतात आणि एवढ्या चालत नाहीत असा हिशोब करण्यात अर्थ नाही. दम्यासाठी वाळक्या पानांचा धूर ओढणे, उवांसाठी पानांचा रस डोक्याला चोळणे, सूज उतरावी म्हणून फुटलेल्या कातडीवर पाने बांधणे हे जुने घरगुती उपाय आजही सांगितले जातात. धुरातून, जखमेतून आणि डोळ्यांतून हे विष शरीरात जाते. हे सर्व उपाय सोडून द्यावेत.

पूजेसाठी आणताना, ठेवताना आणि काढताना

हा भाग मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण टेकडीवरच्या धोत्र्याच्या वाटेला बहुतेक पुणेकर जात नाहीत. पूजेचा धोत्रा मात्र स्वतः पिशवीत घालून घरी आणतात. गणपतीच्या एकवीस पत्रींच्या प्रचलित यादीत धोत्रा आहे, त्याच्याच कुळातली डोरली आहे, आणि त्यांच्याखेरीज कण्हेर व रुई याही विषारी वनस्पती आहेत. म्हणजे पत्रीच्या एका जुडीत दूर्वा, तुळस आणि बेल यांच्या शेजारी किमान तीन विषारी पाने असू शकतात. शहरात वाढलेल्या तरुण मंडळींना यातली निम्मी पाने ओळखता येत नाहीत, आणि पूजेनंतर तुळशीची पाने तोंडात टाकण्याची सवय तर जवळजवळ प्रत्येक घरात असते.

मंडईतून किंवा घराजवळच्या विक्रेत्याकडून पत्री घेताना विक्रेत्यालाच धोत्रा, कण्हेर आणि रुई ओळखून वेगळ्या कागदात बांधून द्यायला सांगावे. ही माणसे वर्षानुवर्षे पत्री आणतात आणि न चुकता पाने ओळखतात. विचारले की ती आनंदाने दाखवतात. भाजीच्या पिशवीत पत्री ठेवू नये, विशेषतः पालक, माठ, तांदुळजा अशा पालेभाज्यांबरोबर तर मुळीच नाही. घरी आल्यावर विषारी पाने वेगळ्या ताटलीत, लहान मुलांच्या हाताला येणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत. फ्रिजमध्ये ठेवायची वेळ आली तर बंद डब्यात ठेवावीत आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहावे.

बोंडाच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. महाशिवरात्रीला पाताळेश्वर, ओंकारेश्वर अशा देवळांत बोंड वाहायचे असेल तर ते तिथेच विकत घ्यावे, तिथेच वाहावे आणि घरी आणू नये. पाच-सहा वर्षांच्या आतील मूल ज्या घरात आहे, तिथल्या देव्हाऱ्यात बोंड अजिबात नसावे. फूल किंवा एक पान पुरेसे आहे. बोंड वाळले की ते तडकते आणि शेकडो बिया बाहेर पडतात, त्या फरशीवर, चटईच्या वेणीत, देव्हाऱ्याच्या खणात जाऊन बसतात. रांगणारे मूल त्या टिपून तोंडात घालते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रसादाचे ताट आणि धोत्र्याची ताटली यांत अंतर असावे. अभिषेकाच्या पाण्यात किंवा दुधात धोत्र्याचे फूल, पान वा बोंड पडले असेल तर ते तीर्थ म्हणून वाटू नये. झाडाच्या मुळाशी ओतून द्यावे आणि तीर्थासाठी दुसरे ठेवावे. मोठ्या घरांत आणि मंडळांत तीर्थ देण्याचे काम ज्याच्याकडे असेल, त्याला हे आधीच सांगून ठेवावे. महाशिवरात्रीच्या थंडाईत भांगेबरोबर धोत्र्याच्या बिया घालण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. कोणी तसे सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा आणि इतरांनाही थांबवावे. भक्तीसाठी धोत्रा देवाला वाहायचा असतो, तो माणसाने प्यावा असे पूजेत कुठेही अपेक्षित नाही.

पूजा आटोपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तोपर्यंत डोळे चोळू नयेत. पान तोडलेला हात डोळ्याला लागला आणि त्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी झाली, असे प्रसंग नेत्रतज्ज्ञांना परिचित आहेत. घाबरलेल्या माणसाला मेंदूविकाराची शंका येते आणि नको त्या तपासण्या सुरू होतात, म्हणून डॉक्टरांना धोत्र्याला हात लागल्याचे आठवणीने सांगावे. निर्माल्य त्याच दिवशी उचलावे. महानगरपालिकेने उत्सवकाळात ठेवलेल्या निर्माल्य कलशात पाने आणि फुले टाकता येतात. बोंड मात्र घरच्या खताच्या टोपलीत टाकू नये, कारण पाने कुजली तरी बिया टिकून राहतात आणि ते खत ज्या कुंडीत घालाल तिथे पुढच्या पावसात धोत्रा उगवतो. त्या कुंडीत मेथी किंवा कोथिंबीर असेल तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको.

स्वयंपाकघरातली तपासणी

धोत्र्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, ही गोष्ट भारतीय न्यायवैद्यक शास्त्राच्या विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवतात, कारण प्रवाशांना प्रसादातून, चहातून वा मिठाईतून धोत्रा देऊन लुबाडण्याचे प्रकार या देशात दीर्घकाळ घडत आले आहेत. म्हणून प्रवासात अनोळखी माणसाने दिलेले खाणेपिणे घेऊ नये, ही घरातल्या वडीलधाऱ्यांची सूचना आजही तितकीच योग्य आहे.

पांढऱ्या आणि काळ्या धोत्र्याची बी मिरचीच्या बीपेक्षा मोठी व जाड, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची असते आणि तिची कडा दुहेरी, फुगीर दिसते. मिरचीची बी पातळ, फिकट पिवळी आणि जवळपास गोल असते. भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्यास फरक स्पष्ट दिसतो. चव घेऊन खात्री करण्याचा विचारही करू नये.

सोयाबीन आणि बाजरी यांच्या शेतांत धोत्रा तण म्हणून वाढतो आणि कापणी-मळणीत त्याच्या बिया धान्यात मिसळू शकतात. 2019 साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पोषक पिठात धोत्र्याच्या वर्गातील बियांची भेसळ होऊन शेकडो लोक आजारी पडले आणि काहींचा मृत्यू झाला. शेतकऱ्याकडून थेट धान्य घेण्याची पद्धत पुण्यात वाढते आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु असे धान्य सुपात पाखडून, निवडून घेतल्याशिवाय गिरणीत देऊ नये. शिजवल्याने किंवा भाजल्याने हे विष भरवशाने नाहीसे होत नाही. रानभाज्यांच्या हंगामात हौसेने पाने खुडणाऱ्यांनी कोवळ्या धोत्र्याचे पान नजरेत पक्के बसवावे, कारण फूल येण्यापूर्वीच्या रोपाची पाने एखाद्या पालेभाजीसारखी दिसू शकतात.

झुडूप काढायचे असेल तर

टेकडीवरचा धोत्रा उपटू नये. तिथे तो पतंगांचा आसरा आहे आणि पायवाट सोडून कोणी त्याच्यापाशी जात नाही. मात्र शाळेचे मैदान, सोसायटीची बाग, अंगणवाडीचे आवार, गुरांच्या चाऱ्याची जागा आणि परसातला भाजीचा वाफा या ठिकाणी तो ठेवू नये. काढण्याची उत्तम वेळ म्हणजे पाऊस पडून माती भिजल्यानंतर आणि बोंड धरण्यापूर्वी. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे आणि शक्य असल्यास चष्मा घालावा. पांढऱ्या धोत्र्याचे मूळ जाड आणि खोल असते, वरून ओढले तर ते तुटते आणि पुन्हा फुटते. म्हणून भोवतीची माती खुरप्याने मोकळी करून मुळासकट काढावे. बोंडे असतील तर झुडपाला हात लावण्याआधी ती कात्रीने कापून कागदी पिशवीत घ्यावीत.

काढलेले झुडूप जाळू नये. सोसायटीच्या कचऱ्यात सुटे टाकू नये, कारण पुण्यात कचरा वेगळा करण्याचे काम कचरावेचक भगिनी हातांनी करतात. कागदात गुंडाळून, त्यावर विषारी धोत्रा असे मराठीत लिहून ते हाती द्यावे आणि तोंडीही सांगावे. खुरपे, कात्री आणि हातमोजे धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. बिया जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात, त्यामुळे एकदा झुडूप काढून काम संपत नाही. पुढील काही पावसाळे त्या जागेवर नजर ठेवून रोप दोन-चार पानांचे असतानाच उपटावे.

पोटात गेल्याची शंका आली तर

लक्षणांची वाट पाहू नये. मुलाच्या हातात उकललेले बोंड दिसले, ओठांना बी चिकटलेली दिसली किंवा मूल स्वतः सांगत असेल, तर एवढे कारण रुग्णालय गाठण्यास पुरेसे आहे. काढा किंवा चहा घेतला असेल तर परिणाम लवकर दिसतो. बिया गिळल्या असतील तर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागू शकतो. या मधल्या शांत वेळामुळेच घरची माणसे निर्धास्त होतात.

प्रथम तोंडातले उरलेले तुकडे बोटाने काढावेत, पाण्याने चूळ भरायला लावावी आणि वेळ लिहून ठेवावी. उलटी करवू नये. मिठाचे पाणी, दूध, ताक, लिंबू, चिंचेचे पाणी यांपैकी काहीही पाजू नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असताना पाजलेले पदार्थ श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. डोळ्यात रस गेला असेल तर स्वच्छ वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा.

त्यानंतर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा स्वतःचे वाहन आणि दुसरा चालक असेल तर अपघात विभाग असलेले सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. ससून सर्वसाधारण रुग्णालयात हा विभाग चोवीस तास चालू असतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देते. तो सल्ला रुग्णालयाच्या वाटेवर असताना घ्यावा, त्यासाठी थांबून राहू नये. झाडाचा तुकडा, बोंड किंवा उरलेले खाद्य कागदी पिशवीत सोबत न्यावे. रुग्ण रोज कोणती औषधे घेतो हे सांगावे. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या हेच परिणाम वाढवतात, म्हणून ताप किंवा बेचैनी कमी व्हावी म्हणून घरातली कोणतीही गोळी देऊ नये.

वाट पाहत असताना रुग्णाला एकटे सोडू नये. भ्रम झालेला माणूस नसलेल्या वस्तू हवेत पकडू पाहतो, अंगावरचे कपडे ओढतो, अडखळत चालतो आणि गॅलरीतून किंवा जिन्यावरून पडू शकतो. खोलीत मंद उजेड ठेवावा, एकच माणूस शांतपणे बोलत राहावा, गर्दी करू नये. अंग तापले असेल तर ओल्या कापडाने पुसावे. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर वळवावे आणि श्वासाकडे लक्ष द्यावे.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. धोत्र्याने बरळणाऱ्या माणसाला दारू चढली आहे, वेड लागले आहे किंवा बाहेरची बाधा झाली आहे असे समजून मोलाचे तास वाया गेल्याची उदाहरणे आपल्याकडे जुनी आहेत. कोरडे तोंड, लाल कोरडी त्वचा, विस्फारलेल्या बाहुल्या, धावती नाडी आणि भ्रम ही लक्षणे एकत्र दिसली की प्रथम विषबाधेचाच विचार करावा. उन्हाळ्यात उष्माघाताशीही गल्लत होते. तिथे बाहुल्यांचा फरक डॉक्टरांना मदत करतो. एकाच पंगतीतल्या अनेकांना हे होत असेल तर जेवण लगेच थांबवावे, अन्नाचा नमुना झाकून ठेवावा, आणि ज्यांनी तेच खाल्ले पण अद्याप बरे वाटते त्यांनाही रुग्णालयात न्यावे.

रुग्णालयात विष शोषून घेणारा कोळसा देतात, बेचैनीवर शामक औषध देतात, लघवी तुंबली असल्यास नळी घालतात, हृदयावर यंत्राने लक्ष ठेवतात. गंभीर रुग्णात फायसोस्टिग्मिन हा उतारा द्यायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतात. विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते. ती नेहमीची पद्धत आहे, त्या भीतीने खरी माहिती लपवू नये. या विषामुळे आतड्यांची हालचाल मंदावते आणि आत राहिलेल्या बियांतून विष उशिरापर्यंत झिरपत राहते, म्हणून रुग्ण सावरल्यासारखा दिसला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी नेण्याचा आग्रह धरू नये.

भ्रम साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो, पण बाहुल्या त्यानंतरही काही दिवस मोठ्या राहू शकतात. त्या काळात उन्हात काळा चष्मा लावावा, दुचाकी चालवू नये, मुलाला शाळेत वाचन-लेखनाचा त्रास होईल हे वर्गशिक्षकांना कळवावे आणि लघवी पुन्हा अडते आहे का किंवा नाडी जलद राहते आहे का यावर घरी लक्ष ठेवावे. तसे आढळल्यास त्याच रुग्णालयात, सुटीचे कागद घेऊन, लगेच परत जावे.